कलोसियमचा हजेरीपट

रोमचं कलोसियम, म्हणजे प्राचीन काळी झुंजी आणि शिकारीचे खेळ जिथं चालत ते भव्य प्रेक्षागार, म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते उघडे, उन्हात रापलेले दगड. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथं गेलेल्याला मात्र आधी झाडोरा दिसला असता. रिचर्ड डीकिन या इंग्रज डॉक्टरानं 1855 साली केवळ या एका इमारतीवर उगवणाऱ्या वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात 420 जाती आहेत. नुसती गवतंच 56!

एका पडक्या वास्तूत एवढी गर्दी मावली कशी? कारण तिथं हवामान एक नाही. इमारत लंबगोल आणि जवळपास 50 मीटर उंच. दक्षिणेला तोंड असलेली भिंत दिवसभर भाजून निघते, उत्तरेकडची गार राहते. वरच्या मजल्यांवर ऊनवारा, तर खाली कोंदट सावलीत शेवाळ आणि नेचे. दगड चुनखडीचा, विटकामातला गाराही चुन्याचा, त्यामुळे चुना मानवणाऱ्या वनस्पतींची चंगळ. फटीत धूळ, पालापाचोळा आणि पाखरांची विष्ठा साचली की चमचाभर मातीही बियाण्याला पुरते.

अंजीर असंच आलं. आपल्या गडकोटांच्या तटात पिंपळ घुसतो ना, त्याचंच हे भावंड. दोघंही एकाच प्रजातीतले. फळ पक्षी खातो, बी भिंतीवर पडतं आणि मूळ जाड होत दगड सरकवतं.

एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: झुंजींसाठी आफ्रिकेतून आणलेल्या जनावरांच्या चाऱ्यातून, केसांतून परदेशी बिया इथं आल्या आणि रुजल्या. कल्पना सुरेख आहे. पण शिकारीचे खेळ सहाव्या शतकात थांबले, नंतर इथं लोक राहिले, भिंतींत गढी झाली. या सगळ्या उलथापालथीतून एखादं रोप थेट रोमन काळापासून टिकलं, हे सिद्ध करणं अवघडच.

डीकिनच्या आधीही याद्या झाल्या होत्या: 1643 मध्ये डोमेनिको पानारोलीची 337 जातींची, 1815 मध्ये अंतोनियो सेबास्तियानीची 261 जातींची. मात्र या आकड्यांचा आलेख काढून चढउतार शोधू नये. कोण किती उंच चढलं आणि कोणत्या ऋतूत, यावरही यादी ठरते.

1871 मध्ये पुरातत्त्वज्ञ पिएत्रो रोझा यांनी भिंती वाचवण्यासाठी झाडोरा उपटून काढला. त्याच दशकात एलिझाबेत्ता फिओरिनी-मात्सांती या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी त्याच भिंतींवरच्या वनस्पतींची नवी यादी छापायला घेतली.