‘परिणाम दिसला नाही’ म्हणजे नक्की काय?

बांगलादेशात महिला गटांचा प्रयोग दोनदा झाला. कल्पना दोन्ही वेळा एकच. गावातल्या बायकांनी दर महिन्याला एकत्र बसायचं, गरोदरपणात आणि बाळंतपणात कुठे अडतं ते बोलायचं, उपाय ठरवायचे आणि ते स्वतःच राबवायचे. पहिल्या खेपेला साधारण १,४१४ लोकवस्तीमागे एक गट होता. नवजात मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दुसऱ्या खेपेला ३०९ लोकांमागे एक गट ठेवला, आणि जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण तुलनेच्या भागांपेक्षा ३८ टक्क्यांनी कमी निघालं. पहिल्या निकालावर फाइल बंद केली असती, तर ‘गटांचा उपयोग होत नाही’ एवढीच नोंद उरली असती.

नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात याच पद्धतीने सुमारे ३० टक्के घट दिसली होती (२००४), झारखंड-ओडिशात तीन वर्षांत ३२ टक्के (२०१०). मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मात्र तशी घट मिळाली नाही. तिथे बहुतेक बाळंतपणं आधीच दवाखान्यात होत होती, त्यामुळे गटाच्या हातात बदलण्यासारखं कमी होतं. अशा सात चाचण्या एकत्र पाहिल्यावर २०१३ मध्ये एक गोष्ट ठळक झाली. जिथे किमान ३० टक्के गरोदर बायका गटात येत होत्या, तिथे नवजात मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले.

म्हणून स्थानिक अभ्यासात सगळ्यात आधी हजेरीचं रजिस्टर बघावं. बैठका किती झाल्या हा आकडा दिखाऊ असतो. गावातल्या एकूण गरोदर बायकांपैकी किती जणी आल्या, हे विचारायचं. आणि हा ‘एकूण’ आकडा सरकारी नोंदवहीतून उचलायचा नाही, कारण ज्या कधी नोंदणीलाच गेल्या नाहीत त्या त्यात नसतात. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली सून कुठल्या गावात मोजायची, हेही आधीच ठरवून लिहून ठेवावं. नाहीतर एक बाळ दोन्हीकडे मोजलं जातं किंवा कुठेच नाही.

आता गणित. अभ्यासातल्या दोन गटांच्या (प्रयोगाची गावं आणि कार्यक्रम नसलेली तुलनेची गावं) सरासरीत प्रमाण विचलनाच्या, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाच्या, ०.२ पट फरक असेल आणि तो ८० टक्के खात्रीने पकडायचा असेल, तर सोपा हिशेब असा: १६ भागिले ०.२ चा वर्ग, म्हणजे प्रत्येक गटात ४०० जणी. पण कुणाला कार्यक्रम मिळणार याची सोडत सहसा बाईगणिक होत नाही, गावागणिक होते, आणि एका गावातल्या बायका एकमेकींसारख्या असतात. त्यांच्यातलं साम्य (० ते १ च्या मापावर) ०.०५ धरलं आणि दर गावात २० जणी घेतल्या, तर नमुना इतक्या पट लागतो: १ + (२० − १) × ०.०५ = १.९५. म्हणजे ४०० च्या जागी ७८०, प्रत्येक गटात ३९ गावं. एकाच गावातल्या २० ऐवजी ४० जणींना विचारून हे भागत नाही. गावंच वाढवावी लागतात, आणि बजेट नेमकं तिथेच रडतं.

मृत्यू मोजायचे असतील तर हिशेब आणखी निर्दयी होतो. हजार जन्मांमागे ३० नवजात मृत्यू २१ वर आले, हे त्याच खात्रीने दाखवायला प्रत्येक गटात सुमारे ४,९०० जन्म लागतात, तेही गावागणिकचं साम्य न धरता. हजार वस्तीच्या गावात वर्षाला २० जन्म धरले, तर तुलनेतल्या एका गटासाठी १०० गावं अडीच वर्षं सांभाळायची. छोट्या संस्थेने दहा गावांत मृत्युदराचा दावा करूच नये. त्याऐवजी जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान, नाळेची स्वच्छता, धोक्याची लक्षणं दिसल्यावर दवाखान्यात पोचायला लागलेला वेळ हे मोजावं. या गोष्टी वारंवार घडतात, म्हणून कमी नमुन्यातही दिसतात.

नोंदीतली सगळ्यात मोठी गफलत असते मृत जन्म आणि जन्मल्यावर लगेच झालेला मृत्यू यांत. ‘बाळ मेलेलं जन्मलं का?’ असं विचारू नये. बाळ एकदा तरी रडलं का, हललं का, श्वास घेतला का, असं सुटं सुटं विचारावं. एकाचं जरी उत्तर ‘हो’ असेल तर तो जिवंत जन्म. प्रयोगाच्या गावात कार्यकर्ती सारखी फिरत असते, म्हणून तिथे मृत्यू जास्त नोंदले जातात आणि काम चांगलं असूनही आकडा वाईट दिसतो. तुलनेच्या गावांतही तेवढ्याच फेऱ्या, तेच प्रश्न हवेत.

धंद्याच्या अभ्यासात फसगत वेगळी असते. श्रीलंकेत छोट्या व्यावसायिकांना सोडतीने १०,००० किंवा २०,००० श्रीलंकन रुपयांची मदत दिली होती. पुरुषांचा नफा वाढला, बायकांच्या सरासरीत जवळपास काहीच नाही (२००८). बायकांना धंदा जमत नाही, असा अर्थ काढायला लोक तयारच होते. २०१९ मध्ये भारत, घाना आणि श्रीलंकेचे आकडे पुन्हा तपासले गेले. घरात दुसऱ्या कुणाचा धंदा असेल तर बाईला मिळालेलं भांडवल तिकडे वळत होतं. जिथे एकटी बाईच धंदा करत होती, तिथे परतावा पुरुषांइतकाच होता. म्हणजे प्रश्नावलीत घरातले सगळे धंदे यायला हवेत. फक्त शिलाई मशीनचा हिशेब विचारला, तर नवऱ्याच्या टपरीत गेलेला पैसा दिसणार नाही.

नफा विचारताना विक्री आणि खर्चाचे चाळीस रकाने भरत बसण्यापेक्षा ‘गेल्या महिन्यात सगळा खर्च जाऊन हातात किती उरले?’ हा थेट प्रश्न बरा. रकान्यांत उधारीवर दिलेला माल निसटतो, आणि या महिन्यात घेतलेला कच्चा माल पुढच्या महिन्यात विकला जातो. दुकानातून घरात वापरलेल्या वस्तू मात्र वेगळ्या विचाराव्यात. महिन्यागणिक नफा फार हलतो, म्हणून वर्षाच्या शेवटी एकदाच विचारण्यापेक्षा तीन-चार वेळा थोडक्यात विचारावं.

शिक्षणातला धडा या सगळ्याशी मिळताजुळता आहे. मुंबई आणि वडोदऱ्यात मागे पडलेल्या मुलांना वेगळं शिकवणाऱ्या ‘बालसखी’ कार्यक्रमाने गुण वाढवले. हीच कल्पना पुढे सरकारी शाळांत नेली. शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं तिथे फरक पडला नाही. हरियाणात मात्र रोजचा एक तास राखून ठेवला, इयत्तेऐवजी वाचनपातळीनुसार मुलांचे गट केले, वर देखरेखही ठेवली, आणि वाचन सुधारलं. इथे एक सापळा आहे. सगळ्यात कच्ची मुलं निवडून पुन्हा चाचणी घेतली, तर काहीही न शिकवता त्यांचे गुण थोडे वाढतातच, कारण पहिल्या दिवशी काहींचा दिवसच वाईट गेलेला असतो. तुलनेचा गट नसेल तर ही वाढ आपल्या खात्यावर जमा होते.

सोडत जाहीरपणे, गावकऱ्यांसमोर काढावी आणि उरलेल्या गावांना कार्यक्रम नंतर कधी मिळणार ते त्याच दिवशी सांगावं. तुलनेच्या गावात फेरीवर असताना एखाद्या गरोदर बाईचा रक्तदाब १६०/११० किंवा त्याहून जास्त निघाला, तर अभ्यास बाजूला ठेवून तिला लगेच दवाखान्यात पोचवायचं. त्यामुळे दोन गटांतला फरक थोडा कमी दिसला तरी चालेल. असं किती जणींना पाठवलं, तो आकडा मात्र अहवालात द्यावा.