रोक (रायफलीची)

रोक : अर्धस्वयंचलित रायफलीतून (चापाच्या प्रत्येक ओढीला एक गोळी झाडून पुढची आपोआप भरणाऱ्या) गोळीबार चालू असताना तिचे चक्र मध्येच थांबणे. काडतूस मॅगझिनमधून (काडतुसांच्या पेटीतून) वर न येणे, आले तरी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या काडतुसाच्या खोबणीत) पुरते न बसणे किंवा उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर न पडणे, ही तिची मुख्य रूपे. रोजच्या बोलण्यात या सगळ्याला ‘रायफल अडकली’ किंवा ‘जाम झाली’ एवढेच म्हणतात. ‘रोक’ हा शब्द सैन्य, पोलीस आणि राष्ट्रीय छात्रसेना यांच्या कवायतीच्या हिंदीतून आलेला दिसतो. रोक काढण्याच्या ठरलेल्या कृतीला त्याच भाषेत ‘फौरी इलाज’ असे नाव आहे. प्रस्तुत नोंदीत पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीवर रोक कशामुळे येते, याचा विचार प्रामुख्याने केला आहे. कोरड्या मुलखासाठी लिहिलेल्या सूचना येथे पुऱ्या पडत नाहीत.

एका गोळीमागे रायफलीत आठ क्रिया घडतात : काडतूस मॅगझिनमधून पुढे ढकलले जाणे, चेंबरमध्ये बसणे, बोल्टला (चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाला) कुलूप लागणे, बार उडणे, कुलूप सुटणे, पुंगळी ओढली जाणे, ती बाहेर फेकली जाणे आणि घोडा पुन्हा चढणे. हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीत यांतली बरीचशी कामे नेमबाजाच्या मनगटावर होतात. काडतूस घट्ट बसले तर ते हाताला कळते आणि माणूस आपसूक जोर वाढवतो. अर्धस्वयंचलित रायफलीत हा जोर बहुधा नळीतून वळवलेला वायू पिस्टनला देतो आणि त्याचे माप आधीच ठरलेले असते. घर्षण वाढले म्हणून जोर वाढवणारे तिच्यात काही नाही. त्यामुळे एखादी रोक कितीही विचित्र दिसली, तरी शोध दोनच ठिकाणी सुरू करावा : घर्षण कुठे वाढले आणि जोर कुठे घटला.

इतिहास : पहिली अर्धस्वयंचलित रायफल कोणती, याविषयी एकमत नाही. ऑस्ट्रियाच्या फेर्डिनांड मानलिखर याची रचना १८८५ ची. मेक्सिकोच्या मोंद्रागोन याचे पेटंट १८८७ चे, पण त्याची रायफल तेथील सैन्याने स्वीकारली ती १९०८ च्या सुमारास. डेन्मार्कने १८९६ च्या सुमारास आपली रायफल मर्यादित प्रमाणात वापरात आणली होती. आराखडा हा निकष धरल्यास मान मानलिखरकडे जातो. प्रत्यक्ष वापर हा निकष धरल्यास डॅनिश किंवा मेक्सिकन रायफलीकडे. रोकेच्या अभ्यासाला दुसरा निकष अधिक उपयोगी वाटतो. मानलिखरची रचना कल्पना म्हणून पुढची होती, पण तिच्या काळातले काडतूस काळ्या दारूचे होते आणि त्या दारूची काजळी नाजूक यंत्राला सोसणारी नव्हती. धूरविरहित दारू १८८४ च्या सुमारास फ्रान्समध्ये तयार झाली आणि मगच अशा रायफली चालण्याजोग्या झाल्या. काळी दारू यंत्राचे काय करते, हे कोकणातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक एका बारानंतर रात्रभर तशीच ठेवली, तर पावसाळ्यात सकाळी नळीच्या तोंडाशी ओलसर काळा चिकटा सापडतो. दारू जळून उरलेले पोटॅशियमचे क्षार हवेतले पाणी ओढून घेतात.

अमेरिकेने १९३६ मध्ये एम-१ गॅरंड ही रायफल संपूर्ण सैन्यासाठी स्वीकारली. तिच्या सुरुवातीच्या उत्पादनात ‘सातव्या गोळीची रोक’ प्रसिद्ध झाली. आठ काडतुसे एकत्र धरणाऱ्या क्लिपमधले (पत्र्याच्या चिमट्यातले) सातवे काडतूस वारंवार अडके. क्लिप, स्प्रिंग, दारू अशा सगळ्यांवर संशय घेऊन झाल्यावर दोष सापडला तो रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याच्या, आतल्या आधारपट्टीत. यंत्रावर कातताना तिचा एक लहानसा तुकडा निघून जात होता आणि त्या जागी काडतुसाला टेकू मिळत नव्हता, असे सांगतात. पहिली सहा काडतुसे शेजारच्या काडतुसांच्या दाबावर सरळ राहत, म्हणून दोष लपून राही. एकाच क्रमांकाचे काडतूस पुन्हा पुन्हा अडकत असेल तर आधी भूमिती तपासावी, हा धडा येथून मिळाला आणि तो आजच्या मॅगझिनलाही लागू पडतो.

भारतात ७.६२ मिमी स्वयंभरणी रायफल, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘एस.एल.आर.’, १९६० च्या दशकापासून पश्चिम बंगालमधील इशापूर येथील कारखान्यात तयार होऊ लागली. मॅगझिन २० काडतुसांचे आणि नळीवर वायूचे प्रमाण कमीजास्त करणारा गॅस रेग्युलेटर, ही तिची दोन अंगे रोकेशी सर्वांत जास्त निगडित आहेत. महाराष्ट्र पोलीस दलात ती दीर्घकाळ वापरात आहे. ५.५६ मिमी इन्सास ही नंतरची. कोकणातल्या खासगी परवान्यांत ठासणीच्या आणि बारा बोअरच्या बंदुका अधिक. अर्धस्वयंचलित रायफलीवर शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांचे कडक बंधन आहे. किनाऱ्यावर ती दिसते ती मुख्यतः पोलीस आणि सुरक्षा दलांच्या हातात.

खारा वारा आणि चेंबर : लोखंड गंजायला पाऊसच पडायला हवा असे नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास गेली की उघड्या पोलादावर गंज वेग घेऊ लागतो. किनाऱ्यावर त्यात मीठ मिसळते. साधे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते ३३ टक्क्यांच्या सुमारासच पाझरू लागते. म्हणून जेट्टीवर किंवा गस्ती बोटीवर राहिलेल्या रायफलीवरचा खारा थर माघ महिन्यातल्या कोरड्या दुपारीही पुरता सुकत नाही. लाटांतून उडालेले मीठ किनाऱ्यापासून पहिल्या काहीशे मीटरांत सर्वाधिक पडते, पुढे झपाट्याने कमी होते. एकाच तालुक्यातल्या दोन ठाण्यांच्या रायफलींची तब्येत वेगळी असण्याचे हे साधे कारण आहे.

हा गंज सर्वांत महाग पडतो तो चेंबरमध्ये. बार उडताना पितळी पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि दाब उतरताच किंचित आकसून सुटते. भिंत गुळगुळीत असेल तरच ती सहज सुटते. गंजाने पडलेल्या बारीक खड्ड्यांत पितळ दाबले जाते, पुंगळी धरली जाते, आणि एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढणारी आकडी) एक तर तिच्या काठावरून निसटतो किंवा काठ फाडून मोकळाच मागे येतो. मागून आलेले काडतूस मग आतल्या पुंगळीवर आदळते. वरून पाहणाऱ्याला ही भरणीची रोक वाटते आणि तो मॅगझिन बदलत बसतो. अशा वेळी बाहेर काढलेली पुंगळी उजेडात धरून बोटांत फिरवावी. तिच्या अंगावर एकाच जागी टाचणीच्या डोक्याएवढे खरखरीत उंचवटे लागले, तर दोष चेंबरचा. दुसरी पुंगळी घेतली तरी उंचवटे त्याच अंतरावर येतात.

याच मुद्द्यावर जगभर गाजलेला वाद व्हिएतनाम युद्धातल्या एम-१६ या अमेरिकी रायफलीचा आहे. ती रायफल पूर्ण स्वयंचलितही चालते, पण रोकेची कारणे समान आहेत. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने तिच्या रोकांची चौकशी केली. एका मताप्रमाणे मूळ दोष दारू बदलल्याचा : नव्या गोलकणी दारूने चक्राचा वेग वाढला आणि काजळीही वाढली. दुसऱ्या मताप्रमाणे दमट हवेत चेंबरला क्रोमचा मुलामा नसणे आणि सैनिकांना सफाईचे सामान न मिळणे हे अधिक घातक ठरले. चौकशीनंतर दारूचा मुद्दा जास्त गाजला. तथापि पुंगळी चेंबरमध्ये अडकण्याच्या तक्रारी पाहता आणि पुढे चेंबरला क्रोम चढवल्यावर पडलेला फरक पाहता, दमट किनाऱ्यावर काम करणाऱ्याने दुसरे मत जवळ ठेवावे.

जुन्या साठ्यातल्या काही काडतुसांची टोपी (दारू पेटवणारा बुडातला भाग) पोटॅशियम क्लोरेटची असते. ती उडाल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइड उरते. हे मीठच आहे, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत ते पाणी धरते. तेलात ते विरघळत नाही. तेलाचा हात फिरवून रायफल ठेवली तर तेलाखाली गंज सुखाने वाढतो. जुन्या ‘३०३’ रायफलीच्या काळात नळीत कढत पाणी ओतण्याची जी रीत होती, ती याच मिठासाठी. आधी पाणी, मग कोरडी चिंदी, आणि शेवटी तेल, हा क्रम उलटा करून चालत नाही.

धूळ, वाळू, तेल : चिरेखाणींच्या रस्त्यावरची जांभ्याची धूळ पिठासारखी मऊ असते. जादा तेल लावलेल्या बोल्टवर ती बसली की विटकरी रंगाचा लगदा तयार होतो आणि माघार जड होते. चिंदीवर आलेला तांबडा रंग धुळीचा की गंजाचा, हे रंगावरून ओळखता येत नाही. तेलाची चिंदी दोनदा फिरवून खालचा पृष्ठभाग पाहावा; धातू सलग दिसला तर धूळ, नखाला खाच लागली तर गंज. पुळणीवरची वाळू जाड, तिचा एक कणसुद्धा मॅगझिनच्या फॉलोअरला (काडतुसे वर ढकलणाऱ्या पट्टीला) तिरका करतो.

घरात सहज मिळते म्हणून खोबरेल तेल लावण्याचा मोह होतो. ते सुमारे २४ अंश सेल्सियसला गोठते. पौषातल्या पहाटे आतल्या भागात पारा याच्या बराच खाली असतो. शिवाय वनस्पतिजन्य तेल कालांतराने चिकट होते. रॉकेलने धुतलेला भाग लख्ख दिसतो, पण तेल निघून गेलेला तो उघडा धातू दुसऱ्या दिवसापर्यंत तांबूस होतो. शस्त्रासाठी दिलेले खनिज तेलच पातळ थरात वापरावे.

मॅगझिन : भरणीच्या रोकांत पहिला संशय मॅगझिनवर घ्यावा. ते खाली पडते, त्याचे ओठ, म्हणजे काडतूस धरणाऱ्या वरच्या कडा, वाकतात आणि वाकलेले डोळ्यांना दिसतही नाहीत. ओठ फाकले तर काडतुसाचे नाक वर उचलले जाते किंवा दोन काडतुसे एकदम सुटतात. दबले तर नाक खाली राहून चेंबरच्या उतारावर ठेचते. ठेचलेल्या काडतुसाची खूण तपासली की दिशा कळते. स्प्रिंग थकली की शेवटची दोनतीन काडतुसे वर यायला उशीर करतात आणि बोल्ट रिकाम्या चेंबरवर मिटतो. नेमके असेच लक्षण वायू कमी पडल्यावरही दिसते, कारण अपुरी माघार घेतलेला बोल्ट काडतुसाच्या मागेपर्यंत पोचतच नाही. भेद सोपा आहे. मॅगझिन बदलल्यावर रोक थांबली तर दोष मॅगझिनचा. चालूच राहिली आणि पुंगळ्या पायाशीच पडत असतील किंवा फटीत उभ्या अडकत असतील, तर वायूचा. एस.एल.आर.मध्ये रेग्युलेटर आधी मोकळा करून एकेक घर बंद करत जातात आणि चक्र जेथे भरवशाने पूर्ण होते त्यापुढे साधारण दोन घरे ठेवतात. काजळी वाढली म्हणून दर वेळी आणखी एक घर बंद करणे ही वाईट सवय आहे. त्याने रोक आज जाते, पण बोल्टवरचा मार वाढतो आणि साफ न झालेला पिस्टन तसाच राहतो.

फौरी इलाज : नळी सुरक्षित दिशेला धरून, बोट चापावरून काढून, मॅगझिन उतरवणे, कॉकिंग हँडल मागे ओढणे, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासणे, आणि मगच पुन्हा भरणे, असा सर्वसाधारण क्रम आहे. चाप ओढूनही बार झाला नाही तर सरावाच्या मैदानावर नळी निशाण्याकडे ठेवून किमान ३० सेकंद थांबतात, कारण बार उशिराही उडू शकतो. आवाज नेहमीपेक्षा मऊ आला, फुसका बार झाला, तर पुढची गोळी कोणत्याही परिस्थितीत झाडू नये. आधीची गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि पुढच्या बाराने नळी फुटते. घट्ट बसलेली पुंगळी हँडलवर लाथ मारून काढण्याचे प्रकार होतात. चेंबरमध्ये जिवंत काडतूस असेल तर ते जिवावर बेतते. ते काम आर्मोररचे, म्हणजे शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याचे, आहे.

साठवण : आगोटीच्या आधी तपासणी करून ठेवलेली रायफल श्रावणात पुन्हा उघडावी लागते, कोकणात वर्षातून एकदा पाहून भागत नाही. कापडी किंवा चामड्याच्या म्यानात ती ठेवू नये, दोन्ही ओल धरतात. चामड्याच्या कप्प्यात राहिलेल्या काडतुसांवर हिरवट कळा चढते, कारण चामड्यातली आम्ले पितळातल्या तांब्याशी संयोग पावतात. अशी पुंगळी चेंबरमध्ये सरकताना खरवडते आणि बोल्ट पुरता मिटत नाही. कळा कोरड्या कापडाने पुसली जाईल एवढीच असेल तर चालते. पितळावर खड्डा पडला असेल तर ते काडतूस बाजूला काढावे. काडतुसांना तेल लावू नये. तेल टोपीत झिरपून बार फसतो, आणि तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरत नसल्याने बोल्टवरचा दाब वाढतो. प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक रंगवून रोकेच्या नोंदीत तो क्रमांक लिहिण्याची पद्धत जेथे आहे, तेथे चारसहा महिन्यांत नेमकी दोनतीन मॅगझिने वेगळी निघतात. ती मोडीत काढताना ओठ हातोडीने चेपावेत, म्हणजे चुकूनही पुन्हा पट्ट्यात जाणार नाहीत.