फॉस्फरसला मध्येच थोपवायचं कसं?

कपाशीच्या लागवडीला चोपडा-यावलकडे बांधावर उतरणाऱ्या डीएपीच्या पोत्यावर १८:४६ छापलेलं असतं. ४६ हे स्फुरदाचे टक्के, तेही ऑक्साइडच्या हिशेबात. निव्वळ फॉस्फरस म्हणाल तर ५० किलोच्या पोत्यात जेमतेम १० किलो. त्यातल्या प्रत्येक अणूची ऑक्सिडेशन अवस्था +५, म्हणजे त्याच्या बाहेरच्या कक्षेतले पाचही इलेक्ट्रॉन हिशेबापुरते दुसऱ्याच्या खात्यावर. चुनखडीच्या काळ्या मातीत हा स्फुरद कॅल्शियमशी जखडून पिकाला मिळेनासा होतो, तरी +५ काही हलत नाही.

दुसरं टोक गोदामात सापडतं. गहू-दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) थप्प्यांना कीड लागू नये म्हणून प्रशिक्षित माणसं ॲल्युमिनियम फॉस्फाइडची करडी गोळी ठेवतात. हवेतल्या दमटपणाने ती फुटते, फॉस्फिन वायू निघतो आणि मागे राखेसारखी भुकटी उरते. ३ ग्रॅमच्या गोळीतून १ ग्रॅम वायू, आणि तो माणसालाही सोडत नाही. घरच्या धान्यात ही गोळी टाकणं म्हणजे जिवाशी खेळ. या गोळीत फॉस्फरस −३ वर असतो.

या दोन टोकांच्या दरम्यान त्याची ओढ कायम +५ कडे, कारण ऑक्सिजनशी त्याचा बंध फार पक्का. अवस्था शून्य असलेला पांढरा फॉस्फरस साधारण ३० अंशांनाच हवेत पेटतो, म्हणून पाण्याखाली ठेवतात. भुसावळच्या मे महिन्यात तर बाटलीचं बूच न काढलेलंच बरं!

मधली +३ अवस्था टिकवायची तर त्याची रचना पाहावी लागते. तिपाईसारखे तीन गट खाली, फॉस्फरस माथ्यावर आणि त्याच्या वर इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी. ऑक्सिजन टपलेला असतो तो याच जोडीवर. ती जोडी धातूला देऊन टाकली की ऑक्सिजनला पकडायला काही उरत नाही. विल्किन्सनच्या प्रसिद्ध उत्प्रेरकात असे तीन फॉस्फिन रोडियम या धातूला धरून असतात (फॉस्फिन म्हणजे इथे गोदामातला वायू नव्हे, तर कार्बनचे तीन गट जोडलेली त्याची भावंडं). १९८२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ श्मिडपीटर यांनी याहून गंमत केली. त्यांनी धातूच्या जागी फॉस्फरसच बसवला, दोन फॉस्फिनांनी त्याला धरलं आणि +१ ही दुर्मीळ अवस्था टिकली.

टिकवणं जमलं, पण मला खरी करामत वाटते ती ये-जा करवण्यात. १९८४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ आर्डुएंगो यांच्या संयुगात ही तिपाई अक्षरशः सपाट झाली, इंग्रजी टी अक्षरासारखी. अशा ताणलेल्या फॉस्फरसला आणखी दोन बंध जोडणं सोपं जातं. २०१२ मध्ये रॅडोसेविच यांच्या संशोधक गटाने तेच संयुग वापरलं. हायड्रोजन सोडणाऱ्या अमोनिया-बोरेन या संयुगाकडून दोन हायड्रोजन घेऊन फॉस्फरस +३ वरून +५ वर गेला, ते ॲझोबेंझिन या दुसऱ्या संयुगाला देऊन परत +३ वर आला. हे काम एरवी रोडियम-पॅलेडियमसारखे महागडे धातू करतात.

ऑक्सिजन चिकटला की परतणं अवघड होतं. त्यावरही याच गटाने उपाय काढला: फॉस्फरसला चार अणूंच्या ताणलेल्या कड्यात बसवायचं आणि त्याला चिकटलेला ऑक्सिजन सिलेनच्या (सिलिकॉन-हायड्रोजनच्या संयुगाच्या) मदतीने काढून टाकायचा.