फॉल कलर्सची सहल (न्यू इंग्लंड)

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या मेन, न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि कनेटिकट या सहा राज्यांत, पाने गळण्याआधी रंग बदलणारी झाडी पाहण्यासाठी केली जाणारी काही दिवसांची सहल. हंगाम साधारण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत. अशा हौशी प्रवाशांना तिकडे ‘लीफ पीपर’ म्हणतात. अमेरिकेतल्या मराठी घरांत ‘फॉल कलर्स बघायला जाणे’ हाच शब्दप्रयोग रुळला आहे आणि तो बदलण्याची गरज नाही. ‘शरदातली सहल’ म्हटले तर महिने जुळतात, पण चित्र जुळत नाही. आपल्या शरदात कोजागरीचे चांदणे आहे, पानगळ नाही. महाराष्ट्रात पाने झडतात ती शिशिरात, पाण्याच्या टंचाईने. सह्याद्रीत कुसुंब लालभडक दिसतो तेव्हा ती उन्हाळ्याच्या तोंडावर फुटलेली कोवळी पालवी असते. गळण्याआधी लाल होणारे पान आपल्याकडे ओळखीचे आहे ते देशी बदामाचे. मुंबईच्या फुटपाथवर पडलेले ते मोठे तांबडे पान डोळ्यांसमोर आणावे आणि तसे डोंगरच्या डोंगर कल्पावेत.

रंग येतात कसे, हे सहलीच्या आखणीआधी समजून घेणे फायद्याचे आहे, कारण बहुतेक निराशा या अज्ञानातून येते. दिवस लहान होऊ लागले की झाड पानात नवे हरितद्रव्य बनवणे थांबवते आणि देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होऊन पानाची वाट बंद होत जाते. हिरवा रंग ओसरला की खाली दडलेला पिवळा आणि केशरी दिसू लागतो. भूर्ज, बीच, ॲश यांचे पिवळेपण असे आधीपासून पानातच असते, म्हणून ते जवळपास दरवर्षी पाहायला मिळते. लाल रंगाचे तसे नाही. तो त्याच दिवसांत, पानात अडकून राहिलेल्या साखरेच्या जोरावर नव्याने बनतो. त्याला लख्ख उन्हाचे दिवस आणि थंड, पण गोठण्याइतक्या नव्हेत, अशा रात्री लागतात. हवा ढगाळ आणि उबदार राहिली तर लाल फिका पडतो, उन्हाळा फार कोरडा गेला तर पाने लवकर गळतात आणि ऐन भरात वादळी पाऊस आला तर एका रात्रीत डोंगर रिकामा होतो. पिवळ्याची खात्री बाळगावी, लालाची आशा.

या लालाचे मानकरी मेपल. पाणथळ जागेतला लाल मेपल सगळ्यांच्या आधी पेटतो, म्हणून सप्टेंबरच्या मध्यातच दलदलीच्या कडेला एखादे झाड एकटे लाल दिसते. त्यानंतर साखर मेपल येतो. ज्याच्या रसापासून मेपल सिरप करतात तो हाच. सुमारे ४० लिटर रस आटवला की १ लिटर सिरप मिळते. एकाच झाडावर पिवळा, केशरी आणि लाल तिन्ही दाखवणारा हा वृक्ष व्हरमाँटचा राज्यवृक्ष आहे. ओक सर्वांत शेवटी तांबूस तपकिरी होतो आणि दक्षिणेकडच्या राज्यांतला हंगाम त्याच्यामुळे लांबतो.

हे जंगल आदिम आहे असे पाहणाऱ्याला वाटते, पण ते तसे नाही. एकोणिसाव्या शतकात व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायरची बरीचशी जमीन झाडे तोडून मोकळी केलेली होती. मेरिनो मेंढ्यांच्या लोकरीला भाव होता आणि टेकड्या कुरणांनी व्यापल्या होत्या. पुढे लोकरीचा भाव पडला, पश्चिमेला सपाट आणि सुपीक जमीन खुली झाली, कुटुंबे निघून गेली. सोडलेल्या कुरणांवर झाडी हळूहळू परतली. आज व्हरमाँटचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. दाट मेपलच्या रानात चालताना मध्येच दगडी बांध आडवा येतो, त्याच्या दोन्ही बाजूंना फक्त झाडे असतात. तो बांध कोणाच्या तरी शेताची हद्द होता. जंगलतोडीचे परिणाम डोळ्यांनी पाहिलेला जॉर्ज पर्किन्स मार्श हा व्हरमाँटच्या वुडस्टॉक गावचा. माणूस निसर्गात काय उलथापालथ करतो हे सांगणारा त्याचा ‘मॅन अँड नेचर’ हा ग्रंथ १८६४ साली निघाला. १९११ च्या वीक्स कायद्याने केंद्र सरकारला पूर्वेकडची खासगी वनजमीन विकत घेता आली आणि १९१८ मध्ये मुख्यतः न्यू हॅम्पशायरमधले व्हाइट माउंटन राष्ट्रीय वन स्थापन झाले. आज लाखो लोक जे रंग पाहायला येतात ते या माघारीचे आणि या खरेदीचे फळ आहे. माझ्या मते वुडस्टॉकला थांबणाऱ्या प्रत्येकाने मार्शच्या जुन्या घरापाशी, आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान असलेल्या टेकडीवर, तासभर तरी काढावा.

आखणी

रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि माथ्यावरून खोऱ्याकडे उतरतात. उत्तर मेन आणि व्हरमाँटचा ‘नॉर्थईस्ट किंगडम’ हा भाग सप्टेंबरच्या अखेरीस भरात येतो. व्हाइट माउंटन आणि मध्य व्हरमाँट ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या बर्कशायर टेकड्या आणि मेनचा किनारा महिन्याच्या मध्याला, तर कनेटिकट व ऱ्होड आयलंड ऑक्टोबरअखेर, कधी नोव्हेंबर उजाडेपर्यंत. हा क्रम दरवर्षी तोच राहतो, तारखा मात्र आठवडाभर मागेपुढे होतात. विमानाची तिकिटे आणि खोल्या काही महिने आधी घ्याव्या लागतात आणि पानांचा अंदाज मात्र आठवडाभर आधीच कळतो, ही या सहलीची खरी अडचण आहे. तिच्यावर उपाय एकच: ‘पीक’चा, म्हणजे रंग ऐन भरात असण्याचा, दिवस गाठण्याचा हट्ट सोडून उंची आणि अक्षांश यांत हलायला जागा ठेवणारा मार्ग आखणे. चार-पाच दिवस हाताशी असतील तर एकाच गावी मुक्काम ठोकू नये आणि रोज नवे हॉटेलही घेऊ नये. दोन ठिकाणी दोन-दोन रात्री, एक डोंगरात आणि एक दक्षिणेच्या खोऱ्यात, ही सर्वांत निभावणारी विभागणी. डोंगरमाथा झडून गेलेला असेल तर तासाभराच्या अंतरावरचे खोरे भरात असते; खोरे अजून हिरवे असेल तर वर जाता येते. राज्यांची पर्यटन आणि वनखाती हंगामात नियमित रंगस्थिती जाहीर करतात. मुक्काम बदलायला नव्हे, पण त्या दिवशी गाडी कोणीकडे वळवायची हे ठरवायला ती उपयोगी पडते.

ऑक्टोबरचा दुसरा सोमवार ही अमेरिकेत कोलंबस दिनाची सुट्टी, अनेक ठिकाणी तो आदिवासी दिन म्हणूनही पाळतात. त्याच दिवशी कॅनडातही थँक्सगिव्हिंगची सुट्टी असते. हा जोडून येणारा शनिवार-रविवार जमेल तर टाळावा. खोल्यांचे दर चढलेले असतात, अनेक ठिकाणी किमान दोन रात्रींची अट घालतात आणि घाटात गाड्यांची रांग लागते. त्याच आठवड्यातला मंगळवार ते गुरुवार पाने तीच दाखवतो, शांतपणे.

बॉस्टनहून निघायचे तर पहिला टप्पा न्यू हॅम्पशायरमधले लिंकन, सुमारे २१० किलोमीटर. तिथून कॉनवेपर्यंत जाणारा कँकामॉगस महामार्ग सुमारे ५५ किलोमीटरचा. पेनाकुक या मूळनिवासी लोकांच्या सतराव्या शतकातल्या प्रमुखाचे नाव त्याला दिले आहे. १९५९ पासून हा रस्ता सलग वाहतुकीला खुला आहे आणि त्याची खिंड सुमारे ८७० मीटर उंचीवर आहे. वाटेत पेट्रोलपंप नाही, मोबाइलला रेंज जवळजवळ नाही, म्हणून टाकी भरून आणि नकाशा आधी उतरवून निघावे. सकाळी लवकर निघावे हेही आलेच: नऊनंतर धबधब्यांजवळच्या पार्किंगला जागा मिळत नाही आणि ऑक्टोबरच्या मध्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, डोंगराआड त्याहून आधी. माउंट वॉशिंग्टन (१,९१७ मीटर) जवळच आहे. त्याच्या माथ्यावर १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा मोजला गेला होता. खाली रंगांचा उत्सव चालू असताना वर बर्फ पडू शकते, तेव्हा एकावर एक चढवता-उतरवता येतील असे कपडे हवेत.

व्हरमाँटमध्ये मार्ग १०० हा राज्याच्या उभ्या अंगाने, डोंगरांच्या कुशीतून जातो. स्टो गावापासून स्मगलर्स नॉच खिंडीत शिरणारा मार्ग १०८ इतका अरुंद आणि वळणांचा आहे की मोठ्या ट्रकना तिथे बंदी आहे. हिवाळ्यात तो बंदच होतो. व्हरमाँटने १९६८ मध्ये रस्त्याकडेच्या जाहिरात-फलकांवर बंदी घातली. कोणत्याही वळणावर डोंगर आणि आपण यांच्यामध्ये काही येत नाही, याचे श्रेय त्या कायद्याला द्यायला हवे. परतीला मॅसॅच्युसेट्समधला मोहॉक ट्रेल घेता येतो. १९१४ साली खुला झालेला हा रस्ता प्रवासी मोटारींना डोळ्यांसमोर ठेवूनच बांधला होता. समुद्र आणि रंग एकत्र हवे असतील तर मेनमधले अकेडिया राष्ट्रीय उद्यान आहे, पण ते या वर्तुळाबाहेर पडते. त्याला वेगळे तीन दिवस द्यावेत आणि कॅडिलॅक डोंगरावर गाडी न्यायची तर आगाऊ नोंदणी करावी.

भारतातून आलेले आईबाबा सोबत असतील तर गुडघ्यांचा विचार करून आखावे. रंग पाहायला चढण चढावीच लागते असे नाही. कँकामॉगसवरच्या देखावा पाहायच्या बहुतेक जागा गाडीपासून चार पावलांवर आहेत, आणि नॉर्थ कॉनवेहून सुटणारी पर्यटक रेल्वे क्रॉफर्ड नॉच खिंडीतून बसल्या जागी रान दाखवते. खेड्यांतली उपाहारगृहे संध्याकाळी लवकर बंद होतात, शाकाहारी पर्यायही मोजकेच असतात. डब्यात दशम्या, चटणी असली की सूर्यास्त घाईने सोडावा लागत नाही.

स्थानिकांचे गाव हा देखावा नव्हे, याची आठवण ठेवावी. व्हरमाँटच्या पॉम्फ्रेट गावात फोटोंमुळे इतकी गर्दी लोटली की २०२३ च्या हंगामात क्लाउडलँड रोड बाहेरच्या वाहनांना बंद करावा लागला. खासगी अंगणात शिरणे, अरुंद रस्त्यावर गाडी उभी करणे, फोटोसाठी डहाळी मोडणे हे सगळे तिथे घडलेले आहे किंवा घडते. रानात चालताना भडक केशरी काहीतरी अंगावर असावे, कारण हाच शिकारीचाही हंगाम आहे. संध्याकाळी गाडी हळू चालवावी: मूस हे अजस्र हरिण याच दिवसांत माजावर असते आणि अंधारात रस्ता ओलांडते.

उशीर झालेल्यांसाठीही काही उरते. मेपल रिकामे झाल्यावर दलदलीतला टॅमरॅक सोनेरी होतो. सूचिपर्णी असून पाने गाळणारे हे झाड ऑक्टोबरच्या उत्तरार्धात भरात येते. मग पाने संपतात आणि बर्फ अजून आलेले नसते. व्हरमाँटचे लोक या दिवसांना ‘स्टिक सीझन’, काटक्यांचा हंगाम, म्हणतात. खोल्या रिकाम्या असतात, दर उतरतात, आणि उघड्या पडलेल्या झाडीतून ते जुने दगडी बांध रस्त्यावरूनही दिसू लागतात.