बाळ कधी बसायला हवं, हे ठरवलं कोणी?

दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, घरी आलं की पुढे फॉलोअपला बोलावतात, आणि तिथे कुणीतरी एक ताई चटईवर बसून बाळासमोर लाल रिंग हलवते, घंटी वाजवते, ठोकळे पुढे करते. शेवटी कागदावर दोन आकडे येतात, एक मोटरचा (हालचालींचा), एक मेंटलचा (समजेचा), आणि आईबाबांची झोप उडते. आपल्याकडे ही टेस्ट बऱ्याचदा डीएएसआयआय असते, म्हणजे भारतीय बाळांची वाढ तपासायची मोजपट्टी. ती मूळची कुठली असं विचारलं तर कुणी अमेरिकेची म्हणतं, कुणी बडोद्याची, आणि गंमत म्हणजे दोघंही बरोबर असतात.

मुळापासून सांगायचं तर आधी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जावं लागतं. तिथल्या कोरा बसी हिलिस या बाई काही प्रोफेसर वगैरे नव्हत्या, महिला मंडळांतून काम करणाऱ्या होत्या, पण त्यांनी एक साधा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला: मक्याचं आणि डुकरांचं वाण सुधारायला सरकार संशोधन केंद्र काढतं, मग मुलांसाठी का नाही? शेतकरी राज्यात हा मुद्दा बरोबर लागला आणि १९१७ मध्ये आयोवाच्या विद्यापीठात चाइल्ड वेल्फेअर रिसर्च स्टेशन सुरू झालं. स्टेशन हा शब्दसुद्धा शेतकी खात्यातलाच. तिकडे येल विद्यापीठात आर्नोल्ड गेझेल १९११ पासूनच मुलं तपासत होते, त्यांनी तर पुढे घुमटासारखी खोली बांधून घेतली, आत बाळ, बाहेरून कॅमेरे आणि निरीक्षक, मध्ये एकाच बाजूने दिसणारा पडदा. आजच्या लॅबमधली ती एका बाजूने आरसा दिसणारी काच याच जातीची.

मग १९२० च्या दशकात रॉकफेलर घराण्याच्या निधीचा पैसा आला. लॉरेन्स फ्रँक नावाचे गृहस्थ तो वाटत होते आणि त्यांना बालविकास हा विषय विद्यापीठांत रुजवायचाच होता, त्यामुळे मिनेसोटा, टोरांटो, बर्कली अशा संस्था पटापट उभ्या राहिल्या.

या लॅबमध्ये रोजचं काम करायचं कोण? मोठ्या प्रमाणात बायका. सायकॉलॉजीत पीएचडी केलेल्या बाईला विद्यापीठाच्या मुख्य विभागात दार उघडणं कठीण, पण 'मुलांचं काम' म्हटलं की चालायचं, पगार कमी आणि पद रिसर्च असोसिएटचं. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्येच सशाला घाबरणाऱ्या छोट्या पीटरची भीती हळूहळू घालवून दाखवली होती, वर्तनोपचाराचा इतिहास सांगताना आजही त्यांचं नाव घेतात, पण बर्कलीत नवरा प्राध्यापक होता म्हणून त्या वर्षानुवर्षं असोसिएटच, आणि पूर्ण प्रोफेसर झाल्या १९५९ ला, निवृत्तीच्या तोंडावर. काय बोलणार.

त्याच संस्थेत १९२८ मध्ये नॅन्सी बेली आल्या. त्यांनी बर्कलीतली ६१ धडधाकट नवजात बाळं निवडली आणि त्यांच्या मागेच लागल्या, आधी दर महिन्याला, मग थोड्या जास्त अंतराने, आणि त्यातली कितीतरी जणं छत्तिशीची झाली तरी मोजमाप चालूच. बाळाची टेस्ट घेणं म्हणजे नुसतं टिकमार्क करणं नाही. दूध झालेलं हवं, झोप झालेली हवी, रडायला लागलं की थांबायचं, आई शेजारी हवीच पण तिने ठोकळा पुढे सरकवून मदत करायची नाही (आणि आज्या असतील तर त्या करतातच, हे कुठल्याही देशात सारखंच असणार). गोळीएवढी वस्तू बाळ पूर्ण मुठीने ओढतं की अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरतं, एवढ्यावरून महिन्यांचा फरक पडतो, म्हणून घेणाऱ्याची नजर तयार लागते.

यातून १९३३ मध्ये पहिल्या वर्षाच्या बाळांसाठीचं स्केल, म्हणजे मोजपट्टी, आलं आणि १९६९ मध्ये १,२६२ बाळांवर प्रमाणित केलेलं मोठं बेली स्केल. पण बेलीबाईंचं मला सगळ्यात मोठं वाटणारं काम वेगळंच आहे, त्यांनी स्वतःच सांगून टाकलं की पहिल्या वर्षातल्या मार्कांवरून त्याच मुलाची पुढची बुद्धिमत्ता सांगता येत नाही. स्वतःच्या टेस्टबद्दल हे म्हणायला धमक लागते. आणि दुसरी गोष्ट जी बाळाच्या वाढीची ॲपं काढणारे कधी सांगत नाहीत, या स्केलमध्ये एखाद्या कृतीसमोर जे वय लिहिलेलं असतं ते निम्मी बाळं ती कृती करू लागतात ते वय. म्हणजे त्या दिवशी उरलेल्या निम्म्यांना ते येत नसतंच, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं.

आता बडोदा. सयाजीरावांच्या नावाच्या विद्यापीठात १९५० ला होम सायन्सची फॅकल्टी निघाली, कुलगुरू होत्या हंसा मेहता. लोक अजूनही होम सायन्स म्हटलं की लोणची-पापड म्हणून हसतात, पण त्यातच चाइल्ड डेव्हलपमेंट विभाग होता आणि त्याला जोडून चेतन बालवाडी, म्हणजे मुलींना रोज जिवंत मुलं बघून शिकायची सोय. याच विभागात प्रमिला फाटक यांनी बेली स्केलची संशोधन आवृत्ती घेऊन बडोद्याच्या १ ते ३० महिन्यांच्या बाळांवर काम केलं आणि आपल्या मुलांचे आकडे काढले, आजची डीएएसआयआय यातूनच आली. नुसतं भाषांतर केलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती, पण बर्कलीच्या गोऱ्या घरातलं बाळ आणि इथलं बाळ एकाच फूटपट्टीने कसं मोजणार? फाटकबाईंचं नाव आपल्याकडे टेस्ट घेणाऱ्यांपलीकडे कुणाला माहीत नाही, हे मला खटकतं.

पुढे १९९७ मध्ये तिची इथल्याच वस्तू वापरणारी सुधारित आवृत्ती पुण्यातून निघाली, मोटरचे ६७ आयटम (बाळाकडून बघायच्या कृती) आणि मेंटलचे १६३. हे सगळं करायला ट्रेनिंग लागतं, किट लागतं, वेळ लागतो, जे आरोग्यसेविकेकडे कुठून असणार. म्हणून त्रिवेंद्रमच्या डॉक्टरांनी बडोद्याच्या आकड्यांतून फक्त १७ आयटम उचलून एक चार्ट केला, त्याला साहित्य म्हणून एक पेन आणि चाव्यांचा जुडगा पुरतो. त्या चार्टवर बाळ मागे दिसलं तर निदान होत नाही, फक्त मोठ्या टेस्टसाठी पुढे पाठवायचं असतं. आणि ती मोठी टेस्ट बऱ्याच ठिकाणी फाटकबाईंचीच.