पार्श्वभूमी : प्रोटॉनवाहक सिरॅमिक आणि मागे ठेवलेले झिर्कोनेट

काही ऑक्साइडांत पाण्याची वाफ मुरते, हे १९६०च्या दशकातच मोजून झाले होते. तापलेल्या सिरॅमिकमधून प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनची धन प्रभाराची केंद्रके, वाहतात, हे मात्र जपानमध्ये १९८१ साली स्ट्रॉन्शियम सेरेट या सिरियमयुक्त ऑक्साइडवर दिसले. बेरियम, झिर्कोनियम व ऑक्सिजन यांच्या संयुगाची, म्हणजे बेरियम झिर्कोनेटची, पाळी त्यानंतर आली. त्यात काही झिर्कोनियमच्या जागी यट्रियम घातले की ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात. वाफेतला पाण्याचा रेणू तिथे शिरून हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) होतो, आणि प्रोटॉन शेजारच्या ऑक्सिजनवर उड्या घेत पुढे सरकतो. तापमान फार चढले की पाणी निघून जाते.

नव्वदच्या दशकात बहुतेकांनी सेरेट उचलले आणि झिर्कोनेटवर मंद वाहकाचा शिक्का बसला. हा निकाल घाईचा होता. मोजला जात होता तो भुकटी दाबून भाजलेल्या अख्ख्या चकतीचा रोध. झिर्कोनेटची भुकटी १६००-१७०० अंश सेल्सिअसलाही मुश्किलीने घट्ट होते, दाणे बारीक राहतात आणि दाण्यांच्या सीमा वाढतात. त्या सीमांवर धन प्रभार साचून प्रोटॉन अडतो. सीमेचा आणि दाण्याच्या आतला रोध वेगवेगळा काढल्यावर आतली वाहकता उत्तम निघाली. २०१० साली सीमाच नसलेल्या पातळ थरावर ५०० अंशांना ०.११ सीमेन्स प्रति सेंटीमीटर इतकी वाहकता मिळाली. उलट सेरेट कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बोनेट होऊन भुसभुशीत होते, म्हणजे मिथेनवरच्या इंधनघटात (इंधनातून थेट वीज बनवणाऱ्या घटात) ते एकटे टिकणे कठीण. ही उणीव माहीत असूनही झिर्कोनेट मागे ठेवले गेले, याची हळहळ वाटते. पुढे दोहोंचे मिश्रण रूढ झाले.

थोडे निकेल ऑक्साइड घातले की भाजणी १४००-१५०० अंशांवर भागते, पण वाहकता थोडी घटते. २०१५पर्यंत ५०० अंशांच्या आसपास मिथेनवर चालणारे घट तयार झाले. वाफेच्या विद्युत विघटनातून कोरडा हायड्रोजन मिळवणे आणि अमोनिया बनवणे यांवरही प्रयोग सुरू आहेत. भावंड असलेले इंडियमयुक्त कॅल्शियम झिर्कोनेट तर वितळलेल्या अॅल्युमिनियममधला हायड्रोजन मोजायला प्रत्यक्ष वापरात आहे. त्या हायड्रोजनमुळेच ओतकामात छिद्रे पडतात.

मोठ्या आकाराची अडचण मात्र कायम आहे. भट्टीत बेरियम उडून जाऊ नये म्हणून चकती त्याच संयुगाच्या भुकटीत पुरून भाजतात. शिवाय पाणी मुरताना सिरॅमिक किंचित फुगते, त्यामुळे मोठ्या पत्र्यांना तडे जाण्याचा धोका राहतो.