चिनी प्रवेशबंदी कायदा, १८८२

चिनी मजुरांना अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत येण्यास मज्जाव करणारा केंद्रीय कायदा. राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी ६ मे १८८२ रोजी त्यावर स्वाक्षरी केली. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक व प्रवासी यांना त्यातून सूट होती. आधीपासून राहणाऱ्या चिन्यांना मात्र नागरिकत्वाची दारे त्याने बंद केली.

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडल्यावर दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतातून माणसे तेथे येऊ लागली. १८६९ मध्ये पुऱ्या झालेल्या आंतरखंडीय लोहमार्गाचा सिएरा नेव्हाडा पर्वतातील अवघड टप्पा मुख्यतः त्यांच्याच श्रमांवर उभा राहिला, आणि १८६८ च्या बर्लिंगेम तहाने दोन्ही देशांतील ये-जा मोकळी ठेवली होती. १८७३ नंतरच्या मंदीत चित्र पालटले. सॅन फ्रान्सिस्कोत डेनिस कर्नी याच्या वर्किंगमेन्स पार्टीने ‘चिन्यांना हाकला’ हीच आपली मुख्य मागणी केली. हा कर्नी स्वतः आयर्लंडहून आलेला होता.

१८८० च्या जनगणनेत सुमारे पाच कोटी लोकसंख्येत चिनी जेमतेम एक लाख पाच हजार होते. तरीही हा प्रश्न राष्ट्रीय झाला, कारण रिपब्लिकन व डेमोक्रॅटिक पक्षांचे बळ जवळपास सारखे असल्याने पश्चिम किनाऱ्याच्या मतांना संख्येपलीकडचे मोल आले होते. १८८० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार जेम्स गारफील्ड चिनी मजुरीला अनुकूल असल्याचे भासवणारे एक बनावट पत्र प्रसिद्ध झाले. गारफील्ड निवडून आले, पण कॅलिफोर्निया त्यांच्या हातून अगदी थोडक्यात निसटले. त्याच वर्षी चीनशी नवा तह होऊन निर्बंधांची वाट मोकळी झाली. वीस वर्षांच्या बंदीचे विधेयक गारफील्ड यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या आर्थर यांनी नाकारले, दहा वर्षांचे स्वीकारले. सिनेटर जॉर्ज होर यांच्यासारख्या मोजक्यांनीच वंशावरून भेद करण्यास विरोध केला.

या कायद्याचे खरे महत्त्व त्याच्या अंमलबजावणीत आहे. चीनला जाऊन अमेरिकेत परतण्याची मुभा देणारे मजुरांचे दाखले १८८८ च्या स्कॉट कायद्याने एका फटक्यात रद्द केले. त्या वेळी परतीच्या जहाजावर असलेल्या चाय चान पिंग या मजुराचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा परक्यांना वगळण्याचा अधिकार सार्वभौमत्वातच सामावलेला असून त्यावरील संसदेचा निर्णय अंतिम होय, असे न्यायालयाने १८८९ मध्ये ठरवले. १८९२ च्या गीअरी कायद्याने बंदीची मुदत वाढवली व चिनी मजुरांना निवासाचे दाखले घेणे सक्तीचे केले. दाखला नसणारा हद्दपारीस पात्र ठरे. एका छोट्या समूहासाठी घडवलेले हे अधिकार पुढे सर्वच परकीयांना लागू पडले.

१९०२ मध्ये बंदी बेमुदत करण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात चीन मित्रराष्ट्र झाल्यावर, १९४३ मध्ये ती उठली आणि चिन्यांसाठी वर्षाला १०५ जणांचा कोटा ठरला.